'तोंड मिट' म्हणणं सोपं आहे!

"तोंड मिट, माशी जाईल!" हे वाक्य लहानपणी ज्याने ऐकलं नाही असा माणूस विरळाच. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तेच इंग्रजीत ऐकू यायचं, एवढाच फरक. वर्गात आ वासून बसणारा मुलगा म्हणजे मठ्ठ, हे आपण ठरवूनच टाकलेलं असतं. पण मित्रांनो, त्याचं नाक चालू आहे का, हे कधी कोणी बघितलंय?

नाक म्हणजे फुकटातला एअर फिल्टर. हवा गाळतं, कोमट करतं, ओलसर करतं. तो चोक झाला की शरीर बायपास उघडतं, म्हणजे तोंड! कारणं बहुतेक वेळा दोन : ॲलर्जीची सर्दी आणि नाकामागच्या ॲडिनॉइड्सची सूज. वर्षानुवर्षं असंच चाललं तर तोंड कोरडं पडून दात किडतात, टाळू अरुंद होऊ शकतो, दात वेडेवाकडे येतात. रात्री घोरणं, अर्धवट झोप, मग गणिताच्या तासाला डुलकी! ॲडिनॉइड्समुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर ऐकूही कमी येतं. आणि आपण म्हणतो, "लक्षच नसतं याचं!"

यात पैशाचा प्रश्न कुठून आला? एका खोलीत सहा माणसं, भिंतींना ओल, एकच खिडकी, तीही डासांमुळे बंद. एकाची सर्दी सगळ्यांना. बुरशी, झुरळं, गोधडीतली धूळ ही ॲलर्जीची कारणं तर घरातच. वर चुलीचा धूर. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस पोचला, पण सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा लाकडं पेटतात. ओलं लाकूड कसं जळतं, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.

ॲलर्जी बंगल्यातल्या मुलालाही होते. पण त्याला स्पेशालिस्टकडे नेतात. वस्तीतल्या मुलाला दाखवायचं म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडते. त्रास तोच, पण एकाला ब्रेसेस मिळतात आणि दुसऱ्याला टोपणनाव!

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. मूळ 30 आजारांच्या यादीत कान आणि दात आहेत, तोंडाने श्वास घेणं वेगळं नाही. माझं म्हणणं एवढंच, की शिक्षकांनी पालकांना तीन प्रश्न विचारावेत. मूल घोरतं का? तोंड उघडं ठेवून झोपतं का? सर्दी महिनोन्‌महिने हटत नाही का? उत्तर 'हो' आलं तर सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवावं. सोशल मीडियावर बघून तोंडाला पट्टी चिकटवणं मात्र नको. नाक बंद असलेल्या मुलाने मग श्वास घ्यायचा कुठून?

आणि आपण? एनएसएसच्या कॅम्पमध्ये भिंती रंगवतो, शोषखड्डे खणतो. यंदा दहा घरांच्या चुलींवर धुराडी बसवू, खिडक्यांना डासांच्या जाळ्या लावू. सिव्हिल आणि मेकॅनिकलवाले एकत्र आले तर दोन दिवसांचं काम आहे. कोण कोण येतंय?