बाविसाव्या राउंडचा फंडा

मार्च आला की इथे न्यू जर्सीत बर्फ वितळायला लागतं आणि माझ्या लॅपटॉपवर ती कुप्रसिद्ध एक्सेल शीट उघडते. बायको ओळखते. 'आला का ड्राफ्ट?' एवढंच विचारते आणि त्या शनिवारी मुलांना घेऊन मैत्रिणीकडे जाते. हुशार बाई!

फॅन्टसी बेसबॉल म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात. मेजर लीगचे खेळाडू खरे, आपण त्यांचे खोटे मालक. आमच्या लीगमध्ये 12 जण, प्रत्येकाने आळीपाळीने 23 खेळाडू उचलायचे, म्हणजे एकूण 276. मग सीझनभर त्यांचे खरे आकडे आपल्या खात्यात जमा. होमरन, रन्स, चोरलेले बेस, पिचरचे स्ट्राइकआउट, सेव्ह अशा दहा कॅटेगरीज. प्रत्येकीत पहिल्याला 12 गुण, शेवटच्याला 1. हे खूळ डॅनियल ओक्रेंटने 1980 साली काढलं, आणि न्यू यॉर्कच्या ज्या रेस्टॉरंटमध्ये मित्रमंडळी जमायची त्याच्या नावावरून ते 'रोटिसरी' झालं.

पहिले दहा राउंड कुणालाही जमतात. मोठी नावं, सगळ्यांच्या हातात त्याच याद्या. खरी गंमत अठराव्या राउंडनंतर. पिझ्झा गार झालेला, दोघं जण घड्याळ बघतायत, आणि यादीत उरलेली नावं म्हणजे मंडईत रात्री नऊला उरलेली भाजी. या वेळी माणूस घाबरतो, आणि घाबरला की ओळखीचं नाव घेतो.

मीही घ्यायचो. नुसता घ्यायचो नाही, दुसऱ्यालाही घ्यायला लावायचो, आणि तीच आजची गोष्ट आहे.

2010 चा ड्राफ्ट. माझ्या शेजारी आमच्याच प्रोजेक्टवरचा मित्र, कर्वेनगरचा. बेसबॉल त्याला नवीन, पण पोरगा अभ्यासू. बाविसाव्या राउंडला त्याची पाळी आली, घड्याळात दीड मिनिट.

"अरे, हा बाउटिस्टा कसा वाटतो? टोरांटोचा?"

"सोड रे. सहा सीझन झाले, 16 होमरनच्या वर कधी गेला नाही. एका वर्षात चार टीम्सकडून खेळलेला माणूस आहे तो."

"पण मागच्या सीझनला शेवटी शेवटी बरा मारत होता..."

"सप्टेंबरमध्ये कुणीही मारतो. तो फर्स्ट बेसमन घे. पंधरा-सोळा होमरन कुठे जात नाहीत."

त्याने ऐकलं.

त्या वर्षी होसे बाउटिस्टाने 54 होमरन मारले. अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त. आमच्या लीगमध्ये त्याला कुणीच ड्राफ्ट केलं नव्हतं. मे महिन्यात एका पठ्ठ्याने फुकटात उचलला. माझा मित्र दुसरा आला, दीड गुणाने. होमरनच्या कॅटेगरीत तो पाचवा होता. मी हा हिशेब त्याच्यासमोर कधी मांडला नाही. त्याने मांडला, शांतपणे, कॅन्टीनमध्ये, टिश्यू पेपरवर.

यात नशीब किती आणि माझा मूर्खपणा किती? मी मग बसून शोधलं, आणि लाज वाटली. बाउटिस्टाचे 2009 मध्ये एकूण 13 होमरन, त्यातले 10 शेवटच्या महिन्यात. हे मित्राला दिसलं होतं. का झालं, ते मी बघायला हवं होतं. मॅनेजर सिटो गॅस्टन आणि कोच ड्वेन मर्फी यांनी त्याला स्विंग लवकर सुरू करायला लावला होता. शिवाय ऑगस्टमध्ये टोरांटोने अ‍ॅलेक्स रिओसला सोडून दिलं होतं, म्हणजे आउटफिल्डमध्ये रोजची जागा रिकामी. माणसात काहीतरी बदललंय, आणि त्याला रोज खेळायला मिळणार आहे. बाविसाव्या राउंडला याहून जास्त काय मागायचं?

आणि माझा 'खात्रीचा' फर्स्ट बेसमन? पंधरा होमरनवाले निदान आठ-दहा जण ड्राफ्ट संपल्यावरही यादीत पडून होते. फुकट! कुणीही, कधीही उचला. म्हणजे जे रस्त्यावर मोफत मिळतं, ते मी मित्राला पाळी खर्च करून घ्यायला लावलं. शेवटच्या राउंडचा हिशेब हाच आहे, मंडळी. फसला तर काढून टाका, खर्च शून्य. लागला तर अख्खा सीझन. अशा ठिकाणी सेफ खेळणं ही सावधगिरी नव्हे, आळस आहे.

पिचरचं गणित थोडं निराळं. इथे लोक मागच्या वर्षीचा ईआरए बघून फसतात. 2001 मध्ये वोरोस मॅक्रॅकनने मांडलं होतं की, बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचं पुढे काय होतं, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्यापेक्षा खूपच कमी असतो. तेव्हा भरमसाट वाद झाला; आता ते जवळपास सर्वमान्य आहे. म्हणून मी ईआरए झाकतो आणि फक्त स्ट्राइकआउट आणि वॉक बघतो. ईआरए खराब, पण स्ट्राइकआउट भरपूर आणि वॉक कमी असा कुणी विसाव्या राउंडला दिसला, की माझा हात वर.

सेव्हचं तर विचारूच नका. सेव्ह मिळतात ते खुर्चीला. बॉस्टनच्या कीथ फोकची खुर्ची 2006 च्या पहिल्याच आठवड्यात डळमळली, तिथे जोनाथन पॅपलबॉन बसला आणि 0.92 ईआरएने 35 सेव्ह घेऊन गेला. त्यामुळे शेवटचे एक-दोन पिक मी नेहमी डळमळत्या क्लोजरच्या मागे उभ्या असलेल्या तरण्या, वेगवान पोरावर लावतो. आपल्या ऑफिसातही अशी खुर्ची कुठली, ते सगळ्यांना माहीत असतंच की!

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल, हा नुसता लॉटरीवाला. डेट्रॉइटच्या ख्रिस शेल्टनने 2006 च्या एप्रिलमध्ये 10 होमरन ठोकले. ज्यांनी त्याला शेवटी उचलला होता, ते कॉलर ताठ करून फिरत होते. जुलै संपता संपता तो मायनर लीगमध्ये परत. वर्षाचे एकूण होमरन 16. एप्रिलमध्येच त्याला विकणारा आमच्यातला एक जण अजून भाव खातो. मी विकला नव्हता. बाविसाव्या राउंडला घेतलेला खेळाडू आपला 'शोध' वाटायला लागतो, आणि शोध कुणी विकतं का? मला हे अजूनही जमत नाही, खरं सांगतो.

2015 पासून सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट आलं. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला, हे घरबसल्या कुणालाही दिसतं. आज एखादा बाउटिस्टा सप्टेंबरमध्ये असा मारायला लागला, तर बाराच्या बारा जणांना कळेल आणि तो दहाव्या राउंडलाच जाईल. म्हणून मी आता आकड्यांपेक्षा जागा शोधतो. कोण दुखापतीतून परततोय, कुणाचा करार संपतोय, कुठल्या टीमने हिवाळ्यात लेफ्ट फिल्डर विकला पण बदली आणलाच नाही. असल्या कंटाळवाण्या बातम्या वाचायला बाकीच्यांना वेळ नसतो.

मित्र 2011 मध्ये पुण्याला परतला. लीग सुटली, बेसबॉलही सुटलं. पण दर मार्चमध्ये, ड्राफ्टच्या दिवशी, त्याच्याकडून एक मेसेज न चुकता येतो. त्यात नमस्कार नसतो, कसा आहेस नसतं. फक्त एक आकडा.

54.

यंदाही आला. मी बाविसाव्या राउंडवर होतो.