वणव्याचा हिशेब कोणी मांडायचा?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील अरण्यांचे पुढील शंभर वर्षांचे भवितव्य आज संगणकावर मांडून पाहिले जाते. ‘लँडिस-२’ या प्रतिमानात जंगलाचे लहान लहान चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनातील झाडांच्या जाती व वय नोंदवतात आणि हवामान, वणवे व तोड यांचे परिणाम दशकामागून दशक पाहतात. कॅलिफोर्नियातील टाहो सरोवराच्या पश्चिम काठावरील सुमारे ५९,००० एकरांसाठी असा अभ्यास झाला. वणवे नुसते विझवत राहावे, झाडी विरळ करावी, की योजनापूर्वक लहान आगी लावाव्या, यांची त्यात तुलना होती.

ही पाळी का आली? १९१० साली आयडाहो व मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. त्या धसक्याने वनखात्याने आगीला शत्रू ठरवले. वर्दी मिळालेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणावी, असा दंडक १९३५ साली निघाला. करूक, युरोक आदी आदिवासी लहान आगी लावून रान मोकळे ठेवीत. पण रान पेटवणे कॅलिफोर्नियाने १८५० सालीच दंडनीय ठरवले होते. त्यामुळे जळण साचत गेले.

संगणक हा संचय मोजतो, ही त्याची मोठी सेवा आहे. परंतु दरसाल थोडा धूर सोसावा की एखाद्या वर्षी प्रचंड, लाकूड मोलाचे की पाणी, हे तो ठरवीत नाही. कशाला किती वजन द्यावे, हे माणसेच ठरवतात. धुरात शेतावर राबणाऱ्या मजुराचे वजन त्यात किती? शिवाय प्रतिमानात ठिणगी हा केवळ संभाव्यतेचा आकडा असतो. २०१८ साली पॅराडाइज गाव व परिसरात ८५ माणसांचा बळी घेणारी ठिणगी मात्र एका वीजकंपनीच्या जुनाट वाहिनीची होती. २०२० साली कंपनीने न्यायालयात मनुष्यवधाच्या ८४ आरोपांची कबुली दिली. नफ्यासाठी टाळलेल्या दुरुस्तीला त्या चौकोनांत रकाना नाही.

२०२४ साली कॅलिफोर्नियाने आदिवासींच्या पारंपरिक आगींना कायद्याने वाट करून दिली. उशिरा का होईना, हे योग्यच झाले. पण तेवढ्याने भागणार नाही. प्रतिमानातील गृहीतके सोप्या भाषेत जाहीर झाली पाहिजेत आणि पर्याय आखण्यापूर्वीच आदिवासी, अग्निशामक व शेतमजूर यांना बैठकीत स्थान मिळाले पाहिजे. तयार उत्तरावर मान डोलावण्यास बोलावणे म्हणजे लोकशाही नव्हे. ज्यांची घरे जळतात आणि ज्यांच्या छातीत धूर जातो, त्यांना डावलून मांडलेला हिशेब बिनचूक असला तरी न्याय्य असणार नाही.