मशीन भंगारात देण्यापूर्वी

भगिनींनो, सासूबाईंच्या वेळचे पायमशीन पावसाळाभर कोपऱ्यात उभे राहिले, आता चाक हलत नाही, म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. बहुधा आत काही मोडलेले नसते. जुने तेल वाळून डिंकासारखे चिकटलेले असते. मी एकदा घाईत गोडेतेल घातले होते. चार दिवस चालले, मग असे आवळले की विचारू नका!

चुलीपासून लांब बसा. पट्टा उतरवून तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा व रात्रभर राहू द्या. सकाळी चाक हाताने हळूहळू मागेपुढे हलवा. जोर करू नका. सैल झाले की काळा मळ पुसा, मशीनचेच तेल घाला आणि आधी चिंधीवर शिवून पाहा.

कापडाखाली दोऱ्याचे फासे पडले की आपण बॉबिनला बोल लावतो. खोट बहुतेक वरच्या दोऱ्यात असते. कापड दाबणारा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवा, म्हणजे तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसेल. तरीही टाके सुटले तर सुई बदला: जाड खादीला १६ नंबर, रोजच्या पोलक्याला १४.