परीक्षकाचीही परीक्षा

ज्या घरांत एका छताखालीं तीन पिढ्या नांदतात, तेथें कोण कोणाचा गुरु होईल याचा नेम नसतो. गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका लहानशा डबीनें आम्हां सर्वांसच धडा घातला. तो वाचकांपुढें मांडावा म्हणून आज लेखणी हातीं धरली आहे.

माझा नातू महाविद्यालयांत शिकतो. त्यानें ‘आर्डुइनो’ नांवाच्या विद्युत्फलकावर एक स्वरांचा खेळ बसविला. हा फलक २००५ सालीं इटलींतील इव्रेआ गांवच्या एका संस्थेंत, विद्यार्थ्यांना थोडक्या खर्चांत प्रयोग करतां यावेत म्हणून, तयार झाला. आकार तळहाताएवढा, परंतु त्यावरील चिमुकल्या गणकास आपण आज्ञा लिहून द्याव्या आणि त्यानें त्या निमूटपणें पाळाव्या. सेकंदास २४० वेळां विजेचा दाब चढवून उतरविण्याची आज्ञा दिली, कीं जोडलेल्या लहान स्पीकरांतून २४० कंपनांचा षड्ज निघतो. स्वर थोडा कर्कश, पण स्थिर.

खेळाची रीत अशी : डबी प्रथम षड्ज ऐकविते. मग सात दिव्यांपैकीं एक लागतो व त्या नांवाचा स्वर वाजतो. मात्र तो कधीं जागेवर, कधीं किंचित् चढा, कधीं किंचित् उतरा. ऐकणारानें ‘बरोबर’, ‘चढा’, ‘उतरा’ या तीन कळांपैकीं एक दाबावी. उत्तर जुळलें तर हिरवा दिवा, न जुळलें तर तांबडा.

पहिल्याच आठवड्यांत घरांतील लहान मुलें एकामागून एक हिरवे दिवे लावूं लागलीं. मला कौतुक वाटलें. पण उभा जन्म वर्गावर काढलेल्या माणसास संशयही आला. पाहतों तों डबी सुरू केली कीं प्रश्नांचा क्रम दर वेळीं तोच! मुलांनीं कान तयार केले नव्हते, उत्तरें पाठ केलीं होतीं. नातवानें खुलासा केला, कीं गणक एका आंकड्यापासून गणित करीत हा क्रम काढतो. आरंभीचा आंकडा तोच, तर सारा क्रमही तोच. मग कशासही न जोडलेल्या एका टोंकावरील विजेचा अस्थिर दाब वाचून तेथून आरंभ करण्याची आज्ञा त्यानें घातली, आणि प्रश्नपत्रिका फुटणें बंद झालें.

दुसरी चूक मात्र इतक्या सहज उमगली नाहीं.

माझ्या वहिनींचें वय चौऱ्याहत्तर. माहेरीं रीतसर गाणें शिकलेल्या. आजही पहाटे तंबोरा घेऊन बसतात. मुलांच्या आग्रहास्तव त्या खेळास बसल्या. षड्ज, मध्यम, पंचम यांवर एकही चूक नाहीं. पण गांधार वा निषाद आला, कीं तांबडा दिवा! डबी म्हणे ‘बरोबर’, त्या म्हणत ‘चढा’. मुलें हंसलीं. मीही सहज बोलून गेलों, “वहिनी, वयाप्रमाणें कान थकायचेच.” त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं पहाटे तंबोरा वाजला नाहीं. तिसऱ्या दिवशींही नाहीं. खोलींत डोकावलों, तों त्यावर गवसणी चढलेली.

त्या गवसणीनें मला बेचैन केलें. विद्यार्थी सर्वत्र चुकत असेल तर अभ्यास कच्चा म्हणावा. पण हुशार विद्यार्थी एकाच जागीं, एकाच बाजूस, पुनःपुन्हां चुकत असेल, तर आधीं उत्तरसूची तपासावी. मीं नातवास स्वरांचे आंकडे विचारले. त्यानें सप्तकाचे बारा समान भाग पाडले होते. प्रत्येक स्वर मागल्याच्या सुमारें १.०५९५ पट. पियानोची व नेहमींच्या बाजाच्या पेटीची हीच रीत. कोणत्याही पट्टींत वाजवितां यावें म्हणून केलेली ती तडजोड होय. या हिशेबानें मध्यम ३२० वर व पंचम ३६० वर नीट बसतो. पण गांधार ३०२ वर आणि निषाद ४५३ वर जातो. तंबोऱ्याचा न्याय निराळा. १२० कंपनांची खर्जाची तार छेडली, कीं तिच्यांतून पांचपट, म्हणजे ६०० कंपनांचा गांधार आपोआप उमटतो. त्याच्या निम्मे ३००. हाच वहिनींचा गांधार, आणि त्याचाच पंचम तो ४५० चा निषाद! सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो याच सूक्ष्म भेदांच्या शोधापायीं.

नातवानें गांधाराचा आंकडा कधीं ३००, कधीं ३०२ असा बदलीत, कांहीं न सांगतां, वहिनींस दहा वेळां ऐकविला. नऊ वेळां त्यांनीं भेद अचूक सांगितला. पोरगा वांकून नमस्कार करीत म्हणाला, “मोठी आजी, चूक माझी होती.” त्या म्हणाल्या, “अरे, तुझा राग नव्हता. माझाच माझ्या कानांवरचा भरंवसा उडाला होता.” मग माझ्याकडे वळून, “भावोजी, तुम्हीं तरी एकदां तंबोऱ्यास विचारायचें होतें!” मला मान खालीं घालावी लागली.

आतां डबींत २४०, २७०, ३००, ३२०, ३६० व ४५० असे आंकडे आहेत. धैवत ४०० चा कीं ४०५ चा, हें वहिनी रागावर सोंपवितात. पहाटे तंबोराही वाजतो. परंतु मनांत एक बोंच राहिली आहे. नोकरींत असतां मींही छापील उत्तरसूची पुढें ठेवून किती तांबड्या रेघा ओढल्या असतील! त्यांतल्या कोणत्या मुलानें आपल्या तंबोऱ्यावर गवसणी चढविली, हें आतां कोण सांगणार? ज्यांच्या घरीं मुलें असा खेळ करीत असतील, त्यांस एवढीच विनंती, कीं मुलांना त्यापुढें बसविण्याआधीं घरांतल्या जाणत्या कानाकडून तो तपासून घ्यावा.