चार बोटांची घडी

दिवाळी अंकात चकलीची भाजणी सोडून मुलांच्या जीनवर काय लिहायचे, असे माझ्या वाचक भगिनींना वाटेल. पण घरात बारा-चौदा वर्षांचा मुलगा असला, की दिवाळीची सगळी खरेदी शेवटी याच एका वस्तूपाशी येऊन अडते. या बाबतीत माझी शिकवणी झाली ती जव्हारच्या बाजारात.

यजमानांच्या नोकरीमुळे तेव्हा आमचे बिऱ्हाड जव्हारला होते. दिवाळी चार दिवसांवर आलेली. 'जाड ते टिकाऊ' या माहेरच्या शिकवणीला जागून मी दुकानातली सर्वांत जाड जीन निवडली होती. शेजारी मोखाड्याकडचे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन उभे होते. मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा. त्यांनी जीन आधी उलटी केली. आतली शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली, खिशाच्या कोपऱ्यावरची तांब्याची टिकली नखाने हलवून पाहिली, मग मुलाला ती घालायला लावून दुकानातच उकिडवे बसवले. शेवटी एक जाड आणि एक हलकी अशा दोन जीन दोन हातांत तोलल्या आणि म्हणाले, "हलकी द्या."

"अहो, जाड घ्या, दोन वर्षे जाईल," दुकानदार म्हणाला. मीही मान डोलावली.

"भिजली म्हंजे याच्यानं पिळवत नाय, बाई," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "दिवाळी झाली का आमी दोघं भट्टीवर जाणार. हा आश्रमशाळेत राहील. त्यालाच धुवायची हाय."

जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे मला माहीत होते. पण त्याचा जीनच्या जाडीशी संबंध असेल, हे कधी डोक्यात आले नव्हते. मी आमच्या चिरंजीवांकडे पाहिले. ते आरशात भांग पाडत होते. आजवर स्वतःचा हातरुमालही त्याने कधी धुतला नव्हता. मी जाड जीन मुकाट्याने परत ठेवली.

तेव्हापासून मी जीन घेते ती अशी. कापड मुलाला स्वतःला पिळता येईल इतकेच जाड. कमरेला आतून बटणांचे इलॅस्टिक असेल तर उत्तम, मूल वाढले की एकेक घर सोडत जावे. शिवण दुहेरी हवी. पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासावा. फार निळा झाला, तर बनियनही तसेच होणार हे समजावे. लांबी मात्र चार बोटे जास्तच घ्यावी.

या कापडात उभा धागा तेवढा निळीत रंगवलेला असतो, आडवा पांढराच असतो. म्हणून जीन आतून फिकी दिसते. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसतो, म्हणून घासेल तिथे ती पांढरी पडते. मिठाच्या पाण्यात बुडवली की रंग पक्का होतो, ही निव्वळ समजूत आहे. पहिल्या दोन-तीन वेळा जीन वेगळी धुवावी. बटणे लावून, उलटी करून, गार पाण्यात, थोड्या साबणात धुवावी आणि ब्रश जपून वापरावा. जव्हारच्या तांबड्या मातीचा चिखल ओला असताना चोळू नये. वाळू द्यावा आणि मग झटकावा. पाणी निथळले की उलटीच सावलीत टांगावी. पावसाळ्यात तिकडे ती दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून चुलीवर टांगाल, तर धुराचा वास आठवडाभर पुरेल!

गंमत अशी, की अशाच जाड कापडाच्या कपड्यांना इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात आणि तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला. खिशाला तांब्याच्या टिकल्या मारण्याचे पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली अमेरिकेत घेतले. कष्टकऱ्यांच्या विजारीचे खिसे सारखे फाटत, म्हणून ती युक्ती. म्हणजे जीन ही मुळातच आरशापुढे उभे राहण्यासाठी जन्मलेली नाही!

तर, दुकानातली गोष्ट राहिलीच. त्या गृहस्थांनी जीनचे पाय आतून दुमडले, चार बोटांची घडी घातली आणि मुलाला म्हणाले, "ही उंच झाली का उसवायची."

"तुमी आल्यावर?" मुलाने विचारले.

"हां. आमी आल्यावर."

आमच्या चिरंजीवांनी पहिल्या धुण्यात स्वतःचे दोन बनियन निळे केले. मी काही बोलले नाही. पुढे जमू लागले. मे महिन्याच्या शेवटी मी त्याच्या जीनची घडी उसवायला बसले, तेव्हा एस.टी.तून बोचकी, भांडी घेऊन भट्टीवरची माणसे परत येत होती. मोखाड्याकडच्या एखाद्या ओसरीवर याच वेळी दुसरी एक घडी उसवली जात असेल, अशी मी मनाशी समजूत घातली.

उसवलेल्या घडीच्या जागी एक पांढरी रेघ राहते. ती कितीही धुतली तरी जात नाही. मूल वर्षात किती वाढले, ते त्या रेघेवरून कळते.