धर्मशाळेचे दार उघडे राहिले पाहिजे

जबलपूर स्थानकाजवळची राजा गोकुळदास धर्मशाळा आपल्यापैकी अनेकांनी येता-जाता पाहिली असेल. १८७० साली मुंबईकडून आलेला जी.आय.पी.चा लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपुरात जोडले गेले. गाडीबरोबर वाटसरू आले, बदलीवरचे कर्मचारी आले, नोकरी शोधणारे तरुण आले. अशांना स्टेशनालगत स्वस्तात पथारी पसरायला मिळणे ही चैन नव्हती, गरज होती. सेठ गोविंददासांचे आजोबा राजा गोकुळदास यांचे नाव या वास्तूने शहरात टिकवले आहे.

अशा वास्तूंवर दोन संकटे येतात. जागेचा भाव वाढला की पाडापाडी होते, हे पहिले. दुसरे अधिक सभ्य असते. भिंती रंगतात, फलक लागतो आणि ज्याच्यासाठी वास्तू उभी राहिली त्या गरीब प्रवाशालाच दार बंद होते. आम्हांला या दुसऱ्याची भीती जास्त वाटते.

वापर चालू ठेवून वारसा जपता येतो, हे आपल्याच दोन खात्यांत दिसते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली जागतिक वारसा यादीत गेले, पण तेथील गाड्या थांबल्या नाहीत. शेजारच्या १९१३ सालच्या जी.पी.ओ.तून टपालाचे काम चालूच आहे. उलट गिरणगावात ज्या बायकांनी गिरणी कामगारांना उधारीवर जेवू घातले, त्यांच्या बहुतेक खानावळी १९८२ च्या संपानंतर आठवणीपुरत्या उरल्या.

पगार, पेन्शनचे प्रश्न सोडून युनियनने जुन्या इमारतींत का पडावे, असे कोणी विचारील. मे १९७४ च्या संपात रेल्वे कामगारांची बिऱ्हाडे क्वार्टर्समधून बाहेर काढली गेली. परक्या गावात छपराची किंमत काय असते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. धर्मशाळेची मूळ वास्तू राखावी, दुरुस्ती करावी, पण स्वस्त निवाऱ्याचा तिचा मूळ हेतू सोडू नये. तिच्याविषयीच्या निर्णयात रेल्वे व टपाल कामगारांचेही म्हणणे ऐकावे. जबलपूरच्या शाखांनी निवृत्त बंधु-भगिनींच्या आठवणी आताच लिहून घ्याव्यात. उद्या वास्तूच्या बाजूने बोलायची वेळ आली, तर त्याच आपल्या साक्षी ठरतील.