वॉर्डातली अडचण कागदावर येऊ द्या

ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांतल्या सिस्टर, डॉक्टर, लॅब टेक्निशियन, गावोगावच्या आशाताई, आणि भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली इथल्या छोट्या वर्कशॉपचे मालक, या सगळ्यांना हे कळकळीचं आवाहन आहे.

आरोग्याची नवी साधनं बनवू पाहणाऱ्यांसाठी सरकारी अनुदान उपलब्ध आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2012 मध्ये ‘बायरॅक’ ही सरकारी कंपनी स्थापन केली. तिची ‘बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट’, जिला सगळे ‘बिग’ म्हणतात, कल्पना खरोखर चालते का हे तपासून पाहायला 50 लाख रुपयांपर्यंत मदत देते. काम साधारण 18 महिन्यांत करायचं असतं आणि ठरलेला टप्पा गाठला की पुढचा हप्ता मिळतो. हे कर्ज नाही. त्याबदल्यात कंपनीत हिस्साही द्यावा लागत नाही. त्याच्याही आधी, नुसता नमुना बनवण्यासाठी, ‘निधी-प्रयास’ योजनेतून 10 लाखांपर्यंत मिळू शकतात.

हा पैसा जनतेच्याच खिशातून यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. साधं उपकरण घ्या. नमुना, विजेच्या सुरक्षिततेच्या चाचण्या, त्वचेला लागणाऱ्या भागांच्या चाचण्या, एथिक्स कमिटीची मंजुरी, रुग्णांवरचा अभ्यास, मग 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे परवाना. यात वर्षं जातात आणि तोवर विक्री शून्य. बँक तारण मागते, गुंतवणूकदाराला परतावा लवकर हवा असतो. यातले काही प्रयत्न फसणार, हेही आपण मान्य करायला हवं. प्रामाणिकपणे करून पाहिलेला आणि हिशेब उघड मांडलेला प्रयोग फसला, तरी तो पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही.

पुण्यातल्या ‘जीवट्रॉनिक्स’ने हृदयाला विजेचा झटका देणारं डिफिब्रिलेटर बनवलं. त्याचं वेगळेपण असं की वीज नसेल, बॅटरी उतरलेली असेल, तरी हाताने दांडा फिरवून ते चार्ज करता येतं. पुण्याच्याच ‘पेरिविंकल’चा ‘स्मार्ट स्कोप’ गर्भाशयमुखाची छायाचित्रं घेऊन कर्करोगाची प्राथमिक तपासणी करायला मदत करतो, म्हणजे जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ रोज नसतात तिथेही ती होऊ शकते. दोन्ही कंपन्यांना बायरॅकचा हात मिळाला. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन्ही साधनं जिथे सोयी कमी आहेत त्या जागेचा विचार करून घडली आहेत. वीज गेलेल्या दवाखान्यात काय होतं, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय असं यंत्र सुचत नाही.

आणि ते सांगणारी माणसं अजून फार थोडी आहेत. अर्ज लिहितात ते बहुतेक शहरातले, प्रयोगशाळा आणि इंग्रजी हाताशी असलेले. धडगाव, धारणी, भामरागडच्या दवाखान्यांत रोज काय अडतं ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून सिस्टर, तुम्ही एक वही ठेवा. बाळाच्या इवल्या पावलावरून निसटणारा प्रोब तुम्ही चिकटपट्टीने बांधता, व्होल्टेज खालीवर झालं की बंद पडणारं मशीन तुम्ही पुन्हा पुन्हा सुरू करता, पावसाळ्यात ओल आली की टेस्ट किट कुठे ठेवायचं ते तुम्हीच ठरवता. हे सगळं लिहा: काय बिघडलं, केव्हा बिघडलं, तेव्हा तुम्ही काय केलंत. आशाताईंनीही लिहावं, मराठीतच लिहावं.

डॉक्टरांनो, आठवड्यातला अर्धा दिवस या कामाला द्या. नवं साधन घेऊन आलेल्या मुलांना ते कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा. मात्र एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची समजून दिलेली संमती असल्याशिवाय, ओळखीखातरसुद्धा, कुठलंही नवं यंत्र रुग्णाला लावू देऊ नका.

वर्कशॉपवाल्यांनो, मोल्ड आणि सीएनसीचं काम तुम्हाला येतं, ते या मुलांना येत नाही. त्यांच्याबरोबर बसा, भागीदार व्हा. कंपनी नसली तरी ‘बिग’साठी व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो. इंग्रजी अर्ज लिहून द्यायला निवृत्त प्राध्यापकांनी पुढे यावं. ही मदत छोटी नाही.

आयआयटी मुंबईत 2014 पासून चालणाऱ्या ‘बेटिक’मध्ये डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसतात आणि काम सुरू होतं ते डॉक्टरांच्या अडचणीपासून. राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्याला पैसा दिला. असं काम प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आवारात का होऊ नये?

लोकप्रतिनिधींकडे मागणी एकच. अनुदानातून घडलेलं, परवाना मिळालेलं साधन सरकारी खरेदीत अडकून पडतं, कारण निविदेत जुना अनुभव आणि मोठी उलाढाल मागितली जाते. नवउद्योगांसाठी या अटी शिथिल करायची मुभा केंद्राने दिलेली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या खरेदीत ती वापरली जाते का, हे विचारा. लेखी विचारा.

‘बिग’चे अर्ज आजवर साधारणपणे जानेवारी आणि जुलैत मागवले गेले आहेत. चांगला अर्ज आठवडाभरात होत नाही, म्हणून तयारी आजच सुरू करा. सल्ल्यासाठी पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारात नवउद्योगांना मदत करणारं ‘व्हेंचर सेंटर’ आहे, मुंबईत पवईला ‘बेटिक’. जाताना वही बरोबर न्या, आणि जमलं तर ती लिहिणाऱ्या सिस्टरनाही.